वाचक विचारतात : मृत्युपत्रातली माणसं

गेल्या अंकात जुन्या मृत्युपत्रावरून घराण्याची माहिती कशी काढायची यावर थोडं लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सगळं पान त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच आहेत म्हणून ते एकत्र केलेत, आणि पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे कारण त्यातला प्रश्न घरोघरी आहे, फक्त कुणी बोलून दाखवत नाही.

काका, नमस्कार. माझ्या आजीचं माहेर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं. तिथलं जुनं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत आजीच्या वडलांचं मृत्युपत्र सापडलं, मामांनी मला फोटो पाठवले. मोडीत आहे, ओळखीच्या एका सरांकडून वाचून घेतलं. शके १८५१ कार्तिक असं वर आहे. तिन्ही मुलांची नावं आहेत, शेत, घर, बैलजोडी सगळं आहे, विधवा बहिणीला तहहयात अन्नवस्त्र द्यावं असं आहे, साज थोरल्या सुनेला दिलाय. पण माझ्या आजीचं नाव कुठंच नाही! आजी सगळ्यात थोरली होती, मुरगूडला दिलेली. बापानं तिला टाकून दिलं होतं का? घरात आता सांगणारं कुणी राहिलं नाही. वाचल्यापासून मनाला लागून राहिलंय. – एक वाचक, शिवाजी पेठ

ताई, तुम्ही फोटो आणि सरांनी उतरवून दिलेला मजकूर दोन्ही पाठवलंत ते फार बरं झालं, कारण तुमची आजी त्या कागदात आहे. तिसऱ्या पानावर देण्याची यादी आहे बघा, सोसायटीचं देणं, दुकानदाराची उधारी, आणि त्याखाली ही ओळ : "थोरलीचे लग्नाबद्दल सावकाराचे देणे रुपये ३००, पैकी फिटले १७५, बाकी मुलांनी वारावी." ती थोरली म्हणजे तुमची आजीच. ज्या बापानं पोरीच्या लग्नासाठी कर्ज काढलं, आणि मरताना ते अर्धंअधिक फेडून उरलेलं मुलांच्या गळ्यात घातलं, त्यानं तिला टाकलं होतं असं मला तरी वाटत नाही.

मग नाव का नाही? त्यासाठी तो कागद त्या सालच्या कायद्याजवळ ठेवून वाचायला लागतो. शके १८५१ म्हणजे इसवी सन १९२९, शकात ७८ मिळवायचे, आणि पौष ते फाल्गुनातली तारीख जानेवारीनंतरची असेल तर ७९. त्याकाळी आपल्याकडं मिताक्षराची पद्धत, म्हणजे वडिलार्जित जमिनीत मुलग्याला जन्मतःच हिस्सा, आणि मुलगे किंवा विधवा हयात असली तर मुलीचा वारसाहक्काचा नंबरच लागत नव्हता. मुलीला जे द्यायचं ते लग्नात दिलं की संपलं अशी समजूत होती, कायदाही तसाच होता. मुलींना मुलांच्या बरोबरीनं वारस धरणारा हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मतः सहहिस्सेदार झाली ती महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आणि तीही त्यावेळी लग्न न झालेल्या मुलींपुरती, सगळ्या देशात सगळ्या मुलींसाठी २००५ साली. ब्रिटिश मुलखात १९३७ साली विधवांना थोडा हक्क देणारा कायदा झाला होता पण आपण तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतो, इथं संस्थानचे कायदे चालायचे.

त्यामुळं १९५६ च्या आधीच्या मृत्युपत्रात लग्न झालेल्या लेकीचं नाव नसणं हेच जास्त करून दिसतं. नाव दिसलं तर उलट थांबून विचार करायचा की का लिहिलंय, म्हणजे ती विधवा होऊन माहेरी आलीय का, नवऱ्यानं नांदवली नाही का, की घरात मुलगाच नाही. तुमच्या कागदात बहिणीचं नाव आलंय ते याच कारणानं, तिला सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. ज्यांची सोय लागलेली आहे त्यांना कागदात जागा मिळत नव्हती. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. तीन भावांना रान मिळालं आणि थोरल्या लेकीला एका ओळीत कर्जाचा आकडा, यात अन्याय होता आणि त्याचं वाईट वाटायलाच पाहिजे. पण तो अन्याय त्या काळाच्या कायद्याचा होता, एका बापानं एका लेकीवर धरलेला राग म्हणून तो मनात ठेवू नका.

अजून एक. शेवटच्या पानावर चार साक्षीदार आहेत, त्यातल्या एकाच्या नावापुढं "मौजे मुरगूड" लिहिलंय आणि सहीच्या जागी नांगराची निशाणी काढलीय. लिहिता न येणारा शेतकरी पूर्वी अशीच निशाणी करायचा. मंगळवार पेठेतल्या माणसाच्या मृत्युपत्राला मुरगूडचा साक्षीदार कशाला येईल? सोयरा असेल, कदाचित तुमच्या आजीचा सासरा किंवा दीर. नक्की असं लगेच म्हणू नका. मुरगूडला आजीच्या सासरच्यांच्या जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी, काढा, तिथं तेच नाव त्याच बापाच्या नावासह सापडलं तर मग धरायचं. आणि ते जुळलं तर लेकीचं सासर बापाच्या शेवटच्या कामाला घरात हजर होतं असा त्याचा अर्थ, म्हणजे संबंध तुटलेले नव्हते.

साजाच्या ओळीवरून पण कळतं की १९२९ मध्ये थोरल्या मुलाचं लग्न झालेलं होतं आणि धाकट्या दोघांचं बहुतेक नव्हतं, कारण सून एकच आलीय. धाकट्याच्या नावापुढं "अज्ञान" लिहिलंय त्याचा अर्थ वयानं लहान, बुद्धीनं नव्हे, हे मुद्दाम सांगतोय कारण एका घरात यावरून एका आजोबांबद्दल भलताच समज झाला होता. तसंच "माझे कुटुंब" असं जिथं आलंय तिथं बायको समजा, सगळं घर नाही.

सर, आमच्या आजोबांनी १९६० च्या आसपास मृत्युपत्र रजिस्टर केलं होतं असं वडील सांगायचे. ऑफिसात जाऊन इंडेक्स टू बघितला, ऑनलाइन पण शोधलं, काहीच नाही. मग ते रजिस्टर झालंच नव्हतं असं समजायचं का? – एक वाचक, गडहिंग्लज

नाही, एवढ्यात समजू नका. इंडेक्स टू मध्ये जमिनीचे व्यवहार येतात, खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, म्हणजे एक नंबरच्या बुकातले दस्त. मृत्युपत्र लागतं तीन नंबरच्या बुकात आणि त्याचा इंडेक्स पण तीन नंबरचा वेगळा असतो. एक नंबरचं बुक कुणालाही बघता येतं, तीन नंबरच्या बुकाचा शोध मात्र रजिस्टर करणारा अधिकारीच घेतो, तुमच्या हातात ते बुक मिळत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ मध्ये हे आहे, आणि लिहून देणारा मयत झाल्यावर त्याच्या मृत्युपत्राची नक्कल अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळते हे पण त्याच कलमात आहे. तो हयात असेपर्यंत फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला. म्हणून आजोबांचा मृत्यूचा दाखला जोडून, कलम लिहून, शोध आणि नक्कल दोन्हीची फी भरून दुय्यम निबंधकाकडं लेखी अर्ज द्या. साल अंदाजे असेल तर अलीकडची पलीकडची मिळून काही वर्षं लिहा, शोधाची फी सालावर असते. गडहिंग्लजला नाही मिळालं तर कोल्हापूरला विचारा, मृत्युपत्र आपल्या तालुक्यातच रजिस्टर करायला पाहिजे असं नाही. बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडं ठेव म्हणून ठेवायची पण सोय असते, ते पण विचारून घ्या.

आणि मृत्युपत्र रजिस्टर करायलाच पाहिजे अशी सक्ती तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. रजिस्टर नसेल तर त्याची खूण फेरफारात सापडते. आजोबांच्या जुन्या सातबाऱ्यावर नावाजवळ गोलात आकडे असतात, ते फेरफार नंबर. ज्या फेरफारानं आजोबांच्या नावाला कंस होऊन वारसांची नावं लागली तो नंबर काढा आणि त्या फेरफाराची नक्कल तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून घ्या. त्यात "मयत, मृत्युपत्राप्रमाणे" असं लिहिलंय का "वारसाने" असं, ते बघा. वारसाने असेल तर बहुतेक वारसांची सगळी नावं वय आणि नात्यासकट मिळतील, लग्न झालेल्या मुलींची सुद्धा, म्हणजे घराण्याचा शोध घेणाऱ्याला कधी कधी मृत्युपत्रापेक्षा हा एक फेरफारच जास्त देऊन जातो.

१९४९ च्या आधीचा कागद शोधणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्याआधीचं दप्तर संस्थानचं. त्यातलं बरंचसं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. तिथं जाताना गावाचं आजचं नाव आणि तालुका एवढंच सांगून भागत नाही, तेव्हाचा पेटा, म्हणजे संस्थानातला तालुका, माहीत पाहिजे, करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज, भुदरगड असे पेटे होते. हातकणंगल्याकडच्या माणसानं आळते पेटा बघायचा. गाव कागल, बावडा, विशाळगड, इचलकरंजी यांच्यापैकी कुठल्या जहागिरीतलं असेल तर तसं सांगायचं, कारण जहागिरींचा कारभार वेगळा होता. कागदावर फसली, म्हणजे सरकारी महसुलाचं, साल असेल तर त्यात ५९० मिळवा, फसली १३३९ म्हणजे १९२९-३०, हे साल जूनमध्ये मृगाला बदलतं.

आमचे पणजोबा मुंबईला गेले, परळला स्वतःचं दुकान होतं, तिथंच वारले. त्यांच्या मृत्युपत्राचं इकडं गावात काहीच नाही. – एक वाचक, आजरा

तुमचं काम उलट सोपं आहे. मुंबई शहरातल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना १८७० च्या कायद्यापासूनच प्रोबेटची भानगड लागली आणि पुढं १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यात ती तशीच राहिली, म्हणजे शहरातल्या मिळकतीचं मृत्युपत्र असेल तर हायकोर्टातून ते शाबीत करून घ्यायला लागायचं. त्यामुळं तिथं फाइल असण्याची शक्यता बरीच आहे. आता हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं म्हणून ती फाइल इथं मिळेल असं समजू नका, जुन्या प्रोबेटसाठी मुंबईलाच अर्ज करायला लागेल. नक्कल मागताना नुसतं मृत्युपत्र मागू नका, प्रोबेटच्या अर्जाची पण नक्कल मागा. मृत्युपत्रात पणजोबांना जी नावं घ्यायची होती तेवढीच असतात, अर्जात मात्र मृत्यूची तारीख, ठिकाण आणि सगळ्या जवळच्या वारसांची नावं-पत्ते कोर्टाला सांगायला लागतात, राहिलेल्या मुली तिथं सापडू शकतात.

पणजोबांच्या वडलांच्या मृत्युपत्रात चार मुलगे आहेत आणि त्यात आमच्या पणजोबांचं नाव नाही! पण गावात सगळे सांगतात की ते त्याच घरातले. भावकीतले लोक आता आम्हाला उपरे म्हणायला लागलेत. – एक वाचक, राधानगरी

पहिलं दत्तक तपासा. दत्तक गेलेला मुलगा जन्माच्या घरातून कायद्यानं बाहेर पडायचा, तिथल्या मिळकतीवर त्याचा हक्क राहायचा नाही, मग जन्मदात्या बापाच्या मृत्युपत्रात त्याचं नाव कशाला येईल. आपल्या कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, शाहू महाराज म्हणजे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ च्या मार्चमध्ये दत्तक आले आणि नाव, बाप, घराणं सगळं बदललं. साध्या शेतकऱ्याच्या घरात पण हेच व्हायचं, फक्त त्याची बखर कुणी लिहिली नाही. भावकीत जवळच्या चुलत्याला मूल नसेल तर पुतण्या द्यायचा, मग आडनाव तेच राहतं पण बापाचं नाव बदलतं आणि तिथंच पुढच्यांची गफलत होते.

तेव्हा पणजोबांच्या स्वतःच्या नावाचे सगळ्यात जुने कागद काढा आणि "बिन"च्या पुढं काय लिहिलंय ते बघा. जुन्या कागदात मुलगा बिन बाप आणि बायको कोम नवरा असं लिहायची पद्धत होती. बिनच्या पुढं चार भावांच्या बापाचं नाव नसून दुसरंच कुणाचं असेल तर तो दुसरा म्हणजे दत्तक घेणारा असू शकतो, मग त्याच्या नावानं शोध घ्या. त्याच्या मृत्युपत्रात "दत्तक पुत्र" असं स्पष्ट सापडलं तर मिटलं. दत्तकपत्र वेगळं असतं, आणि दत्तक घ्यायची परवानगी देणारा अधिकाराचा कागद तर मृत्युपत्रांच्याच तीन नंबरच्या बुकात नोंदतात, म्हणून त्या बुकाचा शोध मागताना दोन्ही लिहा.

दत्तक नसेल तर दुसरं कारण वाटणी. पणजोबांनी आधीच आपला हिस्सा घेऊन वेगळी चूल मांडली असेल तर बापाच्या मृत्युपत्रात त्यांना परत काही द्यायचं राहत नाही, त्यासाठी मृत्युपत्राच्या आधीच्या दहा-वीस वर्षांतलं वाटणीपत्र शोधा. चतुःसीमा, म्हणजे शेताच्या चारी बाजूंना कुणाचं रान आहे ते, नीट वाचा, मला यात सगळ्यात जास्त भरवसा वाटतो. बापाच्या शेताच्या पूर्वेस किंवा दक्षिणेस तुमच्या पणजोबांच्याच नावाचं रान निघालं तर मूळचा एकच तुकडा वाटून झालेला असणार. रि.स. नंबर म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर, तो जुना असेल तर आजचा गट नंबर जुळवायला भूमी अभिलेखकडून एकत्रीकरणाचा उतारा घ्यायला लागेल, त्याशिवाय जागेवर काही कळणार नाही.

आणि भावकीशी भांडायच्या आधी हे सगळं हातात घ्या. उपरे म्हणणाऱ्याच्या घरात पण याच कागदांची दुसरी प्रत असू शकते, ती भांडल्यावर बघायला मिळत नाही.

जुनी मृत्युपत्रं लॅमिनेट करून ठेवली तर चालतील का? – तिघाचौघांनी विचारलंय

अजिबात नको. गरम लॅमिनेशन एकदा झालं की काढता येत नाही आणि आतला कागद खराब होत जातो. सेलोटेप पण लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून शाईवर उतरतो. घडी हळू उघडा, दिवसाउजेडी फ्लॅश न लावता दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागची कोरी दिसणारी बाजू सुद्धा, कारण स्टॅम्प कुणी कुठल्या तारखेला विकत घेतला ते बऱ्याचदा मागं असतं. मग सुती कापडात किंवा साध्या कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा, आपल्याकडच्या पावसात माळा ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. मोडी वाचून घ्यायला मूळ कागद कुणाच्या ताब्यात देऊ नका, फोटोवर वाचता येतं. कुणबी नोंदींच्या शोधामुळं २०२३ पासून मोडी वाचणाऱ्यांकडं लोकांची रांग लागलीय, तर थोडा दम धरा, किंवा घरातल्या एखाद्या पोराला शिकवा, पुराभिलेखागाराकडून मोडीचे वर्ग घेतले जातात.

आमच्या घरात कधी कुणी मृत्युपत्र केलंच नाही, जमीन पण थोडी. मग आम्ही काय करायचं? – एक वाचक, शिरोळ

थोडी जमीन असलेल्या बहुतेक घरांत ते नसतंच. एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्रानं द्यायची मुभाच १९५६ च्या कायद्यानं मिळाली, आधी फक्त स्वकष्टाच्या मिळकतीचं करता यायचं, मग ज्याच्याकडं वडिलार्जित दीड एकर त्यानं लिहायचं तरी काय.

तुम्ही फेरफारांपासून सुरू करा, गावच्या वारस नोंदवहीत म्हणजे सहा-क मध्ये बघा. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना चौदा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात मृत्यूची तारीख मिळते. त्यात १९१८ चं साल मुद्दाम बघा, इन्फ्लुएंझाच्या साथीत एकाच घरातली दोन-तीन माणसं महिन्याभरात गेलेली दिसतात आणि मग पुढं चुलत्याच्या नावापुढं "अ.पा.क." का आलं, म्हणजे अज्ञान मुलांचा पालनकर्ता तो का झाला, याचा उलगडा होतो.

आणि शिरोळकरांनो, तुमच्याकडं हेळवी येतात ना अजून? सुगीनंतर बैल घेऊन येतात आणि दारात उभं राहून घराण्यातली नावं म्हणतात ते. त्यांना पायलीभर जोंधळं देऊन वाटेला लावू नका, बसवून घ्या, चहा द्या, विचारून फोनवर रेकॉर्ड करा. त्यांच्या चोपडीत तुमच्या घराण्याची पिढ्यानपिढ्यांची नावं असतात, मूळ गाव कुठलं आणि इथं कुठून आलात ते पण सांगतात. त्यांच्याकडं जास्त करून पुरुषांचीच नावं मिळतील, म्हणून ऐकताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा आणि प्रत्येक नावाला त्याची बायको कुठल्या गावची आणि लेकी कुठं दिल्या ते तिच्याकडून लिहून घ्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरला घरचं कुणी गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत गाव आणि आडनावावरून शोधता येतं, तिथं आलेल्या माणसानं स्वतः सांगितलेली नावं असतात. हेळव्याचं एक, नामावळीचं एक आणि फेरफाराचं एक अशी तीन नावं शेजारी शेजारी लिहा, जी पिढी तिन्हीत जुळते ती पक्की धरा आणि बाकीच्यांपुढं पेन्सिलीनं खूण करून ठेवा.